सव्वा तासावरचं माहेर

करी रोडच्या चाळीत सुभद्राबाई परबांनी तीस वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. चाळीच्या जागी टॉवर आला, गुडघे गेले, पण आवाज तसाच राहिला. मंगळवारी दुपारी सावंतवाडीहून धाकट्या भावाचा, शामरावांचा फोन आला.

"अक्का, आवशीच्या जमिनीची सुनावणी उद्या दुपारी दोनाक आसा. तुका काय येवक जमाचा नाय. हक्कसोडीचो कागद पाठवतंय, सही करून फोटो धाड."

"नोटीस कधी आली?"

"झाले पंधरा दिवस. सांगूचा रवला."

पाचशे किलोमीटर, बसने बारा तास, आणि ही म्हातारी तासभरही पाय मुडपून बसू शकत नाही. शामरावांनी हिशेब बरोबर केला होता. सुभद्राबाईंनी फोन ठेवला. लग्नाआधी त्या शेतात त्यांनीही लावणी केली होती.

"स्पृहा," त्यांनी नातीला हाक मारली, "विमानानं किती वेळ लागतो गं?"

स्पृहानं मोबाईल काढला. "गोव्याच्या मोपा विमानतळापर्यंत सव्वा तास. रस्त्यानं पाचशे किलोमीटर, पण आकाशातून चारशेसुद्धा नाहीत, आजी. तिथून सावंतवाडी टॅक्सीनं पाऊण तास."

मुलगा उन्मेष वैतागला. "आई, एकटी? आयुष्यात विमानात बसली नाहीस! मामाशी भांडून काय मिळणार?"

"भांडायला नाही जात. हजर राहायला जातेय. तिकीट काढ."

सकाळी सातच्या विमानात पट्टा लावता येईना, तेव्हा त्यांनी शेजारच्या माणसाला बिनदिक्कत विचारलं. विमानानं जमीन सोडली, तरी हातातली पिशवी सुटली नाही. तिच्यात आईच्या मृत्यूचा दाखला होता आणि स्वतःच्या जन्माचा. मोपाला उतरल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. एक तास बारा मिनिटं.

दीड वाजता शामराव बायकोबरोबर कचेरीत आले, तेव्हा अक्का बाकावर शेंगदाणे खात बसली होती.

"तू? कशी इलंस?"

"उडान इलंय," त्या म्हणाल्या आणि पुडी पुढे केली. भावानं ती घेतली नाही.

मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, "बहिणीची हक्क सोडायला संमती आहे, असं अर्जात लिहिलंय. खरं आहे का?"

"नाही. मी जिवंत आहे, शुद्धीत आहे आणि हिस्सा सोडत नाही. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. महिन्याभरानं सातबाऱ्यावर सुभद्राबाईंचं नाव लागलं. शामराव अजून बोलत नाहीत, त्याची सल सुभद्राबाईंना आहे, पण पश्चात्ताप नाही.

सुनावणीच्या दिवशी कचेरीबाहेर भावजय राधा मागून आली. नवरा टॅक्सी बघत होता, तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "अक्का, माझा म्हायार जवळच, वेंगुर्ल्यात. माझा पण नाव लागात?"

"लागात," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुका तर विमानपण नको."