काय नाही ते सगळं लिहिलेली डबी

आमच्या घरात छापलेल्या कागदाला मान होता. पप्पा ड्युटीवरून आले की पिशवीतून पत्रकं निघायची: शिष्यवृत्तीचं, पाण्याचं, मोर्चाचं. मी वाचायला शिकले ती त्यांवरूनच. "सगळ्या बाजूंनी वाच, मग बोल," हे पप्पांचं नेहमीचं.

अकरावीत गालांवर पुटकुळ्या उठल्या. गोरेपणाच्या क्रीमला मी शिवणार नव्हते. त्या वर्षी भीमजयंतीला वस्तीतल्या स्टेजवर मी त्याविरुद्धच बोलणार होते. पण पुटकुळ्यांसाठी काहीतरी हवं होतं, आणि ते मी पारखून घेणार होते.

धामणकर नाक्यावर एका दुकानात मानकोलीच्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांतून परत आलेला माल मिळतो. खोकी फाटलेली, आतली वस्तू धड. मी एकेक डबी उचलून वाचत राहिले.

"बेटा, लेना है या इम्तिहान देना है?" दुकानदार वैतागला.

मी हिरवी डबी घेतली. तिच्यावर सगळ्यात जास्त मजकूर होता. केमिकल नाही. कृत्रिम रंग नाही. प्राण्यांवर चाचणी नाही. छोटी, ठाम वाक्यं, आमच्या पत्रकांसारखी. मला ती आपल्या बाजूची वाटली.

डबीतली क्रीम मी रोज लावू लागले. जयंती तोंडावर आली आणि गाल लाल झाले, सुजले, मग सालं निघू लागली.

"आग होतेय ना?" आई म्हणाली.

"यात केमिकल न्हाय, आई."

"मंग जळतंय कशानं?"

मी डबी उचलली आणि दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डबी फिरवून पाहिली. "काय नाही ते सगळं लिहिलंय. काय आहे ते कुठे आहे?"

मी ती डबी सगळ्या बाजूंनी वाचली होती. ते कुठेच नव्हतं.

त्यांनी दिलेल्या ट्यूबवर मात्र बारीक अक्षरांत नावंच नावं होती, एकही मला धड वाचता येईना. मी विचारलं, "ही सुरक्षित आहे?"

"तुला, सध्या, हो. तरी आधी कानामागे थोडी लावून बघ."

तुला. सध्या. तरी. असं पत्रक मी कधी वाचलं नव्हतं. घरी येताना रिक्षात ट्यूब मुठीत धरून बसले. कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं.

"मी बोलत नाही यंदा," पप्पांना म्हटलं. "सगळ्यांना वाटेल, हिनेच गोरेपणाची क्रीम लावली."

"भाषण गालांनी करणार आहेस का?" ते म्हणाले आणि खुर्च्या लावायला गेले.

मी स्टेजवर चढले तशी पहिल्या रांगेतून शेजारची मावशी माईकपेक्षा मोठ्याने म्हणाली, "काय गं, गोरी व्हायला गेलतीस का?" सगळा मांडव हसला.

पाठ केलेलं भाषण तिथेच राहिलं. मी डबीबद्दल सांगितलं, आईच्या प्रश्नासकट. हसू थांबलं, पण टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना समजेना. शेवट कसा करायचा ते मलाही समजेना, म्हणून जय भीम म्हणून उतरले.

पायरीपाशी मावशी मुलीला घेऊन उभी होती. मुलीच्या गालावर माझ्यासारख्याच पुटकुळ्या.

"मंग हिनं काय लावायचं? नाव सांग."

"ज्यावर आत काय आहे ते लिहिलंय, असं काहीतरी."

"आनि ते लिवलेलं तुला समजतं?"

"न्हाय," मी म्हटलं. "पण आधी कानामागे लावून बघायचं."

मुलीने लगेच केस मागे घेतले आणि कान माझ्यापुढे केला.