पाण्याच्या पाळीची मारामारी

मामांच्या घशातली गाठ काढली आणि न्हावरे गावातलं त्यांचं घर एकदम मुकं झालं. गाठ साधी होती, जखमही भरली होती. डॉक्टर म्हणाले, आता बोलायला लागा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. पण मामा काही बोलेनात. एकदा प्रयत्न केला तेव्हा नुसती घरघर निघाली, त्याचा धसकाच घेतला त्यांनी. चहा हवा तर कप वाजवायचा, मामीला बोलवायचं तर टाळी. मला भीती वाटायची आणि त्याहून जास्त संताप यायचा. अख्ख्या गावाला बोलून दमवणारा माणूस हा!

मी लहान असताना जत्रेला शाळेच्या पटांगणात व्हिडिओ आणायचे. कराटेचा चिनी पिक्चर लागायचा. त्यातली भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, म्हणून मामा टीव्हीशेजारी उभे राहून मराठीत गोष्ट सांगायचे. त्यांनाही कळत नव्हती, पण ते विचारतंय कोण! मामांच्या मते हिरोचा म्हातारा गुरू म्हणजे त्याचा सख्खा मामा, आणि तो शेंडीवाला व्हिलन पाटाचं पाणी अडवून बसलेला. सगळी हाणामारी शेताला पाणी घ्यायच्या पाळीवरून. बायाबापड्या त्या शेंडीवाल्याला मनापासून शिव्या घालायच्या. चीनमध्ये पाळीवरूनच डोकी फुटतात, असं मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं.

तोच पिक्चर आता नव्यानं काढलाय, हिंदीत डब करून. मी सुट्टीला शिक्रापूरहून मामांकडे गेले तेव्हा मोबाइल टीव्हीला जोडून मामांना लावून दिला. बेत वगैरे काही नव्हता, दुपार तेवढी जाईल म्हणून.

सगळं चकाचक होतं. हिरो एवढा मार खातो, पण केस विस्कटत नाहीत. मामा तोंड पाडून बघत होते. हिरो म्हाताऱ्याला ‘मास्टरजी’ म्हणाला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. मग शेंडीवाला आला आणि म्हणाला, मला ती पुरानी तलवार पाहिजे.

मामांनी कॉटवर हात आपटला.

"तलवार? आरं तलवार कशाला? पाण्याची पाळी कुठं गेली?"

आवाज फाटका, खरखरीत, पण मामांचाच. मामी पिठाच्या हातानं धावत दारात आली.

"आन् त्यो मास्तर न्हाई, मामा हाय त्याचा! काय बी सांगत्यात!"

"अहो मामा, बोललात तुम्ही!" मी ओरडले आणि रडायलाच लागले.

"मंग काय करू? समदी ष्टोरी नासवली ह्यांनी. बंद कर त्याचा आवाज, मी सांगतो."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. मामांनी सांगायला घेतलं. मध्येच आवाज चिरकून बसला. मामी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "दमानं घ्या. त्यो शेंडीवाला कुठं पळून जात न्हाई." मामा घोटभर पाणी प्यायले, खाकरले आणि पुन्हा सुरू झाले. शेवटी शेंडीवाला पडला, पाटाला पाणी सुटलं. टीव्हीत त्या वेळी कसलासा राजवाडा जळत होता, जळू दे मेला.

"बास आता, घसा दुखंल," मामी पदरानं डोळे पुसत म्हणाली.

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"पयल्यापास्नं लाव. तुझ्या मामीनं सुरवात ऐकली न्हाई."