भावाचा विमानतळाचा पास

धाकट्या भावाला नव्या विमानतळावर एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियनचं काम लागलं, तेव्हा आईने घणसोली गावातल्या आमच्या गल्लीभर पेढे वाटले. मला मात्र तो पेढा गोड लागेना. विमानतळाच्या आत जायला पास लागतो आणि पासाआधी पोलीस चौकशी होते, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं होतं. आणि माझा भाऊ कॉलेजात असताना गर्द ओढायचा.

तेव्हा आम्ही मुंबईत राहायचो. तो पकडला गेला, कोर्टात दंड झाला. मग व्यसनमुक्ती केंद्र, मग आयटीआय. त्यानंतर त्याने साधी बिडीही तोंडाला लावली नाही. आई म्हणायची, "जुनं झालं ते. इथे कोणाला माहितीये?" मी मात्र जिन्यावर बूट वाजले की दाराच्या फटीतून बघायचे.

हवालदार आले ते रविवारी दुपारी. आईने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मुलावर कधी केस? काही नशापाणी?" त्यांनी विचारलं.

"छे हो साहेब, माझं पोर सुपारीसुद्धा खात नाही."

भाऊ दारातच उभा होता. "आई, थांब," तो म्हणाला. "साहेब, केस होती. गर्दची. दंड भरलाय, केंद्रात राहून आलोय. कागद दाखवतो."

आईचा चेहरा खाडकन उतरला. हवालदारांनी वही उघडली. "सांगितलंस ते बरं केलंस. पण मला हे लिहावं लागणार. पुढचं वरचे ठरवतील."

ते जिना उतरले तशी आई कडाडली, "तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"नंतर निघालं असतं तर? वर खोटारडा पण ठरलो असतो."

मग नुसती वाट बघणं. भाऊ किरकोळ वायरिंगची कामं करायचा आणि शिडीवर चढतानाही मोबाईल वरच्या खिशात ठेवायचा. मी ऑफिसात कोणावरही खेकसायचे. आई त्याचं ताट वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही.

शेवटी ठेकेदाराचा फोन आला. पास नाकारला होता. पण ठेकेदार म्हणाला, "जासईला कंटेनर यार्डात आपलं काम चालू आहे. तिथे येतोस?"

भावाने हो म्हटलं, तोंड धुतलं आणि डबा शोधायला लागला. आईने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"तिथे पण विचारतात?"

"विचारतात."

"मग तिथे पण सांगणार?"

"सांगणार."

त्याने सांगितलं, आणि तिथे त्याला घेतलं. आता तो रोज जासईला जातो. यार्डाचा पास दरवर्षी नवा करावा लागतो. तो आठवडा आला की मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहते. शेजारच्या खोलीत तो मात्र खुशाल घोरत असतो.