पट चाळीस, हजर चाळीस

गांगुर्डे सर वर्गात आले की आधी फळ्याचा उजवा कोपरा पुसायचे. तिथं मॉनिटरनं रोजच्यासारखं लिहिलेलं असायचं : पट ४०, हजर ४०. डस्टर घ्यायचे नाहीत, तळव्यानं पुसायचे. मग तो पांढरा तळवा आमच्यासमोर धरून म्हणायचे, "हे खोटं होतं. आता गणित."

आमची शाळा हरसूलच्या पुढं डोंगरात. दिवाळीनंतर कितीतरी घरं वणीकडं द्राक्षाच्या कामाला जायची, त्यांच्याबरोबर मुलंही. फळ्यावर मात्र चाळीसच राहायचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

आठवीत शाब्दिक उदाहरणं सुरू झाली. सरांनी घातलेलं पहिलंच उदाहरण : "हजर आणि गैरहजर मुलांची बेरीज चाळीस. हजर मुलं x. तर गैरहजर किती?"

मी कधी नव्हे तो हात वर केला. "शून्य, सर." मागून सगळा वर्ग म्हणाला, शून्य.

"शून्य कुठून आणलंस, यमुना?"

"कोपऱ्यातून."

सर फळ्याकडं वळले. मग खडू मोडेल इतक्या जोरानं लिहिलं : ४० − x. "बेरीज माहीत आहे, एक भाग माहीत नाही. तो x माना आणि बेरजेतून वजा करा, दुसरा भाग मिळतो. माहीत नाही असं लिहायला लाजू नका. चाळीस लिहायला लाजा."

हेडसर दारात उभे होते. "गांगुर्डे, तो कोपरा पुसत जाऊ नका. पट पडला तर तुकडी जाईल. आणि सगळ्यांत नवे तुम्ही. तुम्हीच अतिरिक्त ठराल."

"ठरू द्या. मी समोर दिसतात तेवढीच मोजणार."

त्या दिवसापासून त्यांनी हजेरीपत्रकात खरे 'गै' लिहायला सुरुवात केली.

दरवर्षीसारखी त्या वर्षीही मी मळ्यात गेले. विरळणीचं काम, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. दिवसभर हात वर, मान वर. बावीस दिवस झाले होते. आमच्याकडं मोठी झालेली मुलगी एकदा शाळेतून सुटली की परत बसत नाही. माझ्या दोन्ही बहिणी अशाच सुटल्या. मीही मनातून सोडूनच दिलं होतं. एका दुपारी वेलींच्या ओळीच्या टोकाला सर दिसले. एसटीतून उतरून चालत आले होते, गुडघ्यापर्यंत धूळ.

"आज वर्गात एकोणतीस आहेत," ते मला म्हणाले. "म्हणजे अकरा नाहीत. त्यातली तू पहिली सापडलीस. चल."

बा मध्ये आला. "सर, साळंत तिची हजरी लागतीच ना? मागल्या साली नाय लागली का?"

"या साली नाही लागत. मी गैरहजर लिहितो."

"का पण? पोरीचं नुसकान करता व्हय?"

सरांचा आवाज चढला. "हजर लिहिली असती तर मी तिला शोधायला कशाला आलो असतो, दादा?"

बानं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. मग म्हणाला, "मुकादमाला काय सांगू?"

"एक वजा म्हणून सांगा."

अकरापैकी सात जण परत आले. चौघांची नावं सर रोज पुकारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे.

जूनमध्ये तुकडी गेली. सर अतिरिक्त ठरले, त्यांना सटाण्याकडं पाठवलं. चाळीस लिहिणारे सगळे जागच्या जागी राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही. तो राग अजून जात नाही. त्यातला किती हेडसरांवर आणि किती माझ्यावर, हे मला नीट मांडता येत नाही.

आता मी नाशिकला कॉलेजात आहे. आमच्या घरातली पहिलीच. मागच्या महिन्यात दाखल्यासाठी शाळेत गेले. क्लार्क जुनी हजेरीपत्रकं कपाटातून काढत होते, त्यांनी सहज माझं नाव शोधलं. पाचवी, सहावी, सातवी, ओळ भरलेली. मी द्राक्षाच्या मळ्यात होते ते दिवससुद्धा हजर. आठवीच्या पानावर ते थांबले. लाल शाईत ओळीनं बावीस 'गै'.

"हजेरी इतकी चांगली तुझी. याच वर्षी काय झालं गं? आजारी होतीस?"

"नाही," मी म्हणाले. "याच वर्षी मी शाळेत होते."