टायरवरचा अंगठा

माझ्या शाळेला शिक्षक एकच आहे, आणि ती मी आहे. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी वेळेवर पोचले की शाळा भरते. उशीर झाला तर पोरं थोडा वेळ पायरीवर बसतात आणि मग आयांच्या मागे कापूस वेचायला निघून जातात. शेतात गेलेलं पोर त्या दिवशी परत येत नाही, आणि वेचणी जोरात असली तर पुढचे दोन-तीन दिवसही येत नाही.

ही पोरं घरी गोंडी बोलतात, शाळेत तेलुगू, आणि माझी चूक काढायची असली की मराठी. मला ती फार आवडतात. पण हे त्यांना कळू दिलं तर डोक्यावर बसतील.

आम्ही तेलंगणात उटनूरला राहतो. तिथून शाळेकडे जाणारा शेवटचा रस्ता जंगलातला, बैलगाड्यांचा. शेताच्या कुंपणासाठी लोक त्यावरून बाभळीच्या, बोरीच्या फांद्या नेतात आणि निम्मे काटे माझ्यासाठी वाटेत ठेवून जातात. स्कूटीच्या लहान चाकांचं तिथं काही चालेना, म्हणून मी नवऱ्याची मोटरसायकल घेतली. तो गावातल्याच एका कचेरीत कारकून आहे, पायी जातो. विचारणाऱ्याला सांगतो, "गाडी माझ्या नावावर आहे, बस एवढंच."

मागच्या हिवाळ्यात एका महिन्यात चार वेळा गाडी पंक्चर झाली. चौथ्या वेळी जंगलातून ती ढकलत नेली. पोचले तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं, कुणाची तरी पाण्याची बाटली तेवढी राहिली होती. कुलूप उघडून रिकाम्या वर्गात बसले आणि रडले. दुःखानं नाही, रागानं.

पंक्चरवाल्यानं माझं तोंड पाहूनच ओळखलं. "टीचरम्मा, टायरां में जेल डलवा लो. फिर मेरे पास आनेकी जरूरतच नै."

"मग तुम्हारा कैसे चलेगा?"

"मेरी फिकर नक्को करो. रोड तो वैसाच है, बाकी लोगां आते."

त्यानं व्हॉल्व्हची पिन काढली, बाटलीतलं हिरवं दाट औषध दोन्ही टायरांत सोडलं आणि हवा भरली. काटा काढला की लगेच चाक फिरवायचं, म्हणजे जेल भोकापर्यंत जाऊन तिथं घट्ट बसतं, हे त्यानं दोनदा बजावलं. त्यानंतर आठवडाभर मी एकदाही थांबले नाही. शिट्टी वाजवत शाळेत जायचे, म्हटलं तरी चालेल.

घरात हे औषध फक्त बाबांना पटलं नव्हतं. माझ्या वडिलांचं आयुष्य बाजारहत्नूरकडे लोकांच्या शेतात मजुरी करण्यात गेलं, त्यातली बरीच वर्षं अनवाणी. आम्ही लहान असताना संध्याकाळी ते आम्हाला ओट्यावर रांगेत बसवत आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत. ती सुई अजूनही त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमागे टोचलेली असते. "काटा आत राह्यला का पिकते," असं ते तेव्हाही म्हणत, आताही म्हणतात. टायरच्या बाबतीतही त्यांचं मत तेच होतं.

एका सकाळी डबा घेऊन बाहेर आले तर बाबा मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. उजवा अंगठा टायरवर गच्च दाबलेला. शेजारी सुई आणि बोटभर लांब बाभळीचा काटा.

"बाबा, काय करून राह्यले?"

"हवा जाऊन राह्यली. तू आंघोळीला गेली तवापासून दाबून बसलो."

माझं डोकंच फिरलं. "काऊन काढला तुमी? कोनं सांगतलं होतं? आज शाळा उघडली नाई तर पोरं निघून जातीन ना!"

त्यांनी अंगठा हलवला नाही. उलट दुसऱ्या हातानं तो आणखी दाबून धरला. ते पाहून मला स्वतःची लाज वाटली, आणि मग कुठं डोकं चालायला लागलं. गाडी काल संध्याकाळपासून डबल स्टँडवर होती. भोक चाकाच्या वरच्या बाजूला होतं आणि जेल सगळं खाली बसलेलं.

"बाबा, अंगठा काढा."

"नाई. हवा जाईन."

"जाऊ द्या थोडी. काढा ना."

त्यांनी अगदी नाइलाजानं हात मागे घेतला. सुंऽ असा आवाज आला. मी जोरात चाक फिरवलं. दोन-चार फेऱ्यांत आवाज बारीक झाला, हिरवा थेंब वर आला, मग दुसरा, आणि थांबलं. बाबांनी भोकावर थुंकी लावून पाहिली. बुडबुडा आला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"आवाज द्याचा ना मले. एवढा वेळ कायले बसले असे?"

"तू आंघोळीत होती. उठून सांगाले येतो तं अंगठा निघते." मग चाकाकडे बघत म्हणाले, "मी बी गेलतो शाळेत. मास्तर येच नाई. दोन दिस पायरीवर बसलो. तिसऱ्या दिसी बानं मालकाचे ढोरं चाराले लावलं."

आपल्या लहानपणाच्या कितीतरी गोष्टी त्यांनी मला सांगितल्या आहेत. ही कधीच सांगितली नव्हती. त्यांना शाळेत घातलंच नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

माफी मागायला वेळ नव्हता. गाडीला किक मारली आणि म्हटलं, "जय भीम, बाबा."

"जय भीम, बाई. जाय लवकर."

वाटेत हवा भरून घेतली. पोचले तेव्हा पोरं पायरीवर बसून एकमेकांना ढकलत होती. मी कुलूप काढलं.

संध्याकाळी गाडीचा आवाज ऐकूनच बाबा खाटेवरून उठले.

"पोरं होते पायरीवर?"

"होते."

"सगळे?"

"सगळे, बाबा."

मग त्यांनी कॉलरमागची सुई काढली, गाडी डबल स्टँडवर लावायला सांगितली आणि एका हातानं चाक फिरवत काटे शोधायला बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.