लोहगडाच्या पायऱ्यांवर
ओल्या रेनकोटचा वास आला की मला लोहगडाच्या पायऱ्या आठवतात. काश्मीरपासून रामेश्वरपर्यंत देश पाहून आम्ही बापलेक लोहगडाजवळच्या आमच्या गावी, टाकव्याला परतलो, तेव्हा वडील म्हणाले, "आता आपला गड दाव की." भर पावसात रविवारी गेलो आणि गडाच्या दरवाज्यापाशी पायऱ्यांवर ओल्या रेनकोटांच्या गर्दीत अडकलो. वर जाता येईना, खाली उतरता येईना, श्वासालाही जागा नव्हती. गर्दी टिपायला मी त्यांचा हात सोडून मोबाइल उंच धरला. वळून पाहतो तर ते मागे भिंतीशी चेंगरलेले, आणि एक भजीवाली मावशी त्यांना सावरत ओरडत होती, "आबा, खाली बसू नगा, तुडवत्याल!" सुटल्यावर ते एवढंच म्हणाले, "रामेश्वरला लय गर्दी व्हती, पर तितं तू हात सोडला न्हाईस." हल्ली रस्ता ओलांडताना मी हात पुढे करतो, तेव्हा ते काठी माझ्या बाजूच्या हातात घेतात.