शुक्रवारची अंताक्षरी

माईक जोडून होईपर्यंत कामगार केंद्राच्या हॉलमधली निम्मी माणसं झोपली होती. चटईवर आडवी, डोक्याखाली हात. परीक्षक साडेदहाला येणार होते आणि सव्वादहा वाजून गेले होते.

"सुनीता, उठव त्यांना."

"सर, राहू द्या ना. आताच डोळा लागलाय त्यांचा."

सुनीता भोईर माझी विद्यार्थिनी, खारबावची. मी तेव्हा भिवंडीतल्या एका कॉलेजात रिक्रिएशनचा एक वर्षाचा डिप्लोमा शिकवत होतो. रिक्रिएशन म्हणजे लोकांचा फावला वेळ बरा जावा म्हणून सोयी उभ्या करणं, कार्यक्रम आखणं. रिसॉर्ट, क्लब, कामगार केंद्र अशा ठिकाणी नोकऱ्या मिळतील, असं आम्ही माहितीपत्रकात छापलं होतं. दोन हजार पाचच्या आसपासचा काळ, सगळीकडे मॉल निघत होते, त्यामुळे लोकांना ते पटायचंही. सुनीताच्या वडिलांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर टेमघरच्या याच कामगार केंद्रात नोकरी मिळणार होती. नाही तर वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायचं, असं घरात ठरलं होतं.

शेवटची परीक्षा म्हणजे एक कार्यक्रम स्वतः आखून पार पाडायचा. त्याआधी नीड असेसमेंट करायची. नाव भारी, गोष्ट साधी. लोकांना काय हवंय ते आधी त्यांनाच विचारायचं. सुनीता आठ दिवस लूमवाल्यांमध्ये, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांमध्ये, फिरली आणि एका कागदावर प्लॅन घेऊन आली. शुक्रवार सकाळ, चटया, पंखे, थंड पाणी. बस्स.

"यात ॲक्टिव्हिटी कुठाय?"

"त्यांना कायच नको हाय, सर. बारा तास लूमचा खडखडाट. माझे बाबा पन लूमवरच हायेत. घरी आले की टीव्ही बंद करायला लावतात. बोलतात, कानात अजून लूम चालूच हाय. त्यांना फक्त शांत पडायचंय."

"अगं, लोकांना झोपवायला डिप्लोमा कशाला लागतो?"

लाल पेनाने मी तिचा प्लॅन खोडला आणि वर 'अंताक्षरी' लिहिलं. खरं कारण वेगळंच होतं. या बॅचचा रिझल्ट दिसला नाही तर कोर्स बंद, असं प्रिन्सिपॉलनी मला बजावलं होतं. मला माझ्या नोकरीची धास्ती होती.

तर त्या शुक्रवारी, म्हणजे लूमच्या सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळी उरकून तीस-चाळीस माणसं आली होती. सुनीताने बोलावलं म्हणून आली होती. ती उठवेना, तेव्हा मीच टाळ्या वाजवत फिरलो. एकेकाचा खांदा धरून हलवला. आज आठवलं तरी लाज वाटते.

परीक्षक आले, खुर्चीत बसले. मी स्पीकर लावला. पहिलं गाणं सुरू होताच हरिलाल नावाचा पिकल्या मिशांचा लूमवाला कानांवर हात ठेवून उठला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. तो सुनीताशी बोलला.

"बेटी, तुमने तो कहा था आराम मिलेगा. यहाँ भी मशीन चला दी?"

तिने मान खाली घातली. सरांनी सांगितलं, असं एका शब्दानेही म्हणाली नाही. हरिलाल चपला घालून गेला. त्याच्यामागे दोघं गेले, मग सगळेच. वीस मिनिटांत हॉलमध्ये आम्ही तिघंच उरलो. स्पीकर वाजतच होता.

"पार्टिसिपेशन झीरो," परीक्षक म्हणाले. "नीड असेसमेंट केलीच नव्हती का?"

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. फॉर्मवर प्लॅन आखणाऱ्याच्या जागी तिची सही होती. तिचा खोडलेला कागद माझ्या बॅगेत होता. काढून समोर ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी बॅग उघडलीच नाही.

ती नापास झाली. पुढच्या बॅचला पुन्हा परीक्षा दे, असं मी तिला सांगितलं. पुढची बॅच निघालीच नाही. ज्या कोर्ससाठी मी हे केलं, तोही वाचला नाही.

दोनेक वर्षांनी, कॉलेजच्या ऑफिसात काम करत असताना, कॉमर्सच्या मुलांना सुट्टीतलं काम मिळेल का, हे विचारायला मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये गेलो. दुपार होती. वॉचमनने पॅकिंगच्या शेडकडे पाठवलं. आत दिवे बंद, पंखे चालू. पुठ्ठे अंथरून पंधरा-वीस बायका आडव्या पडल्या होत्या. दाराशी स्टुलावर त्यांची सुपरवायझर बसली होती. सुनीता.

मी तोंड उघडणार तोच तिने ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच जवळ आली.

"अर्धा तास हाय त्यांचा, सर. तो झाला की बोलू."

आवाजात राग नव्हता. मी बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

लोकांना विचारलं, तर त्यांचं उत्तर खोडायचं नाही. एवढाच धडा. तो शिकवायला आता माझ्याकडे वर्ग नाही.